टेबलाला प्रश्न विचारण्यापूर्वी

कॅडेट मित्रांनो, बारावीच्या संगणक प्रात्यक्षिकात ‘सिलेक्ट’ सगळ्यांनाच येते. म्हणून की काय, अनोळखी डेटाबेस समोर आला की बोटे थेट ‘सिलेक्ट’कडेच वळतात. मी लॅबमध्ये आधी टेबलांची माहिती काढायला लावतो आणि त्यावर थोडी कुरकुर होते. त्यामागचे कारण आज सविस्तर सांगतो. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

सरावासाठी ‘शाळा’ नावाचा काल्पनिक डेटाबेस घेऊ. प्रथम ‘यूज शाळा’, मग ‘शो टेबल्स’. कॅडेट, पालक, वैद्यकीय, ग्रंथालय अशी नावे येतात. काय काय आहे ते कळले. प्रत्येक टेबल आतून कसे आहे ते कळण्यासाठी ‘डिस्क्राइब वैद्यकीय’. मायएसक्यूएल सहा रकाने दाखवते: फील्ड, टाइप, नल, की, डिफॉल्ट आणि एक्स्ट्रा. बहुतेक जण पहिले दोन वाचून पुढे जातात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तिसरा.

रक्तगटाचेच उदाहरण घ्या. आर्मी मेडिकल कोरचे केंद्र आपल्या लखनऊ छावणीतच असल्याने रक्तगटाचे महत्त्व इथल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. समजा, डोंगरातल्या कॅम्पला निघण्यापूर्वी दोन याद्या हव्यात: ‘ओ पॉझिटिव्ह’ असलेल्यांची आणि नसलेल्यांची. दोन्ही क्वेरी चालतात, चूक दाखवणारा संदेश येत नाही. पण बेरीज केली तर आकडा एकूण कॅडेटांपेक्षा कमी भरतो! ज्यांचा रक्तगट नोंदवलेलाच नाही ते कोणत्याच यादीत नसतात. ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. ‘नल’ म्हणजे ‘माहीत नाही’. जे माहीत नाही त्याची कशाशीही तुलना केली तरी उत्तर ‘माहीत नाही’ असेच येते, आणि ‘व्हेअर’ फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे पाठवते. म्हणजे ज्यांची चौकशी सर्वांत आधी करायला हवी, नेमके तेच गळतात. ‘डिस्क्राइब’मध्ये रक्तगटापुढे ‘नल: येस’ दिसले, की ‘इज नल’ची तिसरी यादी काढायचीच.

आता टाइपकडे. पालकांचा मोबाइल क्रमांक ‘इंट’ ठेवलेला दिसला तर तिथेच थांबा. ‘इंट’मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावते, आपले दहा अंकी मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे एकही मावणार नाही. रोल नंबर ‘व्हारकॅर’ असेल तर क्रमवारीत १० हा ९ च्या आधी येईल, कारण संगणक तिथे संख्या न पाहता अक्षरे पाहतो. मराठी नावांची गंमत आणखी वेगळी. ‘ज्ञानेश्वर’ आपण चार अक्षरांत वाचतो, पण हलन्ताची चिन्हे आणि मात्रा धरून संगणक दहा मोजतो. देवळालीहून किंवा कामठीहून बदलीवर आलेल्या कुटुंबातल्या मुलाचे नाव देवनागरीत भरायचे आणि रकाना ‘व्हारकॅर ८’ असेल, तर ते पूर्ण बसणार नाही.

‘की’च्या रकान्यात ‘एमयूएल’ दिसले की मुले ‘फॉरेन की’ म्हणून मोकळी होतात. तसे खात्रीने म्हणता येत नाही. त्या रकान्यावर इंडेक्स आहे आणि एकच मूल्य पुन्हा येऊ शकते, एवढेच त्यातून कळते. खरे नाते पाहायचे तर ‘शो क्रिएट टेबल’ चालवा.

हे सगळे ज्यांच्या कल्पनेतून आले ते एडगर कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे आयबीएममध्ये असताना त्यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ साली त्यांनी मांडलेले नियम ‘बारा नियम’ म्हणून ओळखले जातात. (मोजणी शून्यापासून आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तेरा!) त्यातला चौथा आपल्या कामाचा: डेटाबेसचे वर्णनही साध्या डेटासारखेच टेबलांत असावे आणि ते त्याच भाषेत विचारता यावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. कोणत्या रुमालात काय आहे याची यादी रुमालासारखीच हाताळता यावी, असा काहीसा हा विचार.

मायएसक्यूएलमध्ये या यादीचे नाव ‘इन्फर्मेशन स्कीमा’. तिच्यातले ‘टेबल्स’ आणि ‘कॉलम्स’ साध्या ‘सिलेक्ट’ने वाचता येतात. दोनशे टेबलांच्या डेटाबेसमध्ये ‘रक्तगट’ हा रकाना कुठे कुठे आहे, हे ‘कॉलम्स’ला विचारले की एका क्वेरीत कळते. मात्र तिथला ‘टेबल रोज’ हा आकडा नेहमीच्या इनोडीबी टेबलांसाठी केवळ अंदाज असतो. हजेरीसाठी तो चालणार नाही, ‘काउंट’च करा. शिवाय ज्या टेबलांवर तुम्हाला अधिकार नाही ती या यादीत दिसतच नाहीत. तेव्हा एखादे टेबल सापडले नाही, तर ‘नाही’ असे उत्तर लिहिण्याआधी तुम्ही कोणत्या नावाने लॉगिन केले आहे ते पाहा.

पुढच्या प्रात्यक्षिकाला येताना ‘शाळा’मधल्या ‘नल’ चालणाऱ्या सर्व रकान्यांची यादी एकाच क्वेरीत काढून आणा. ‘कॉलम्स’मध्ये ‘इज नलेबल’ नावाचा रकाना आहे, तिथून सुरुवात करा.