टास्मानियाचा वाघ आणि सारस : दोन प्राण्यांपासून एक धडा

रोही व रानडुकरे एका रात्रीत पिकाची किती नासाडी करितात, हे मोताळ्याकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको. अशा वेळी "ह्यांचा निर्वंश होईल तर बरे," असे तोंडून निघते. हे बोलणे खरे झाले तर काय होते, ते दोन प्राण्यांच्या वृत्तांतावरून पाहू.

पहिला प्राणी आस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटातील थायलसिन होय. कांगारूप्रमाणे त्याची मादी पिले पोटावरील पिशवीत वाढवीत असे. शरीर कुत्र्यासारखे, पण पाठीवर पट्टे. म्हणून लोक त्यास वाघ म्हणत. तो मेंढ्या मारितो असा आरोप आला. पुष्कळ मेंढ्या मोकाट कुत्री मारीत व कित्येक चोरीस जात. तरी दोष त्याच्या माथी बसला. १८८८ पासून १९०९ पर्यंत सरकारने मोठ्या जनावरामागे एक पौंड व पिलामागे दहा शिलिंग इनाम ठेविले, आणि अशी २,१८४ इनामे दिली. पुढे १० जुलै १९३६ रोजी संरक्षणाचा कायदा झाला. परंतु ७ सप्टेंबर रोजी होबार्ट येथे पिंजऱ्यातील शेवटचा थायलसिन मेला. कायदा आला तो अवघे ५९ दिवस आधी!

दुसरा प्राणी आपल्याच विदर्भातील आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा सारस उथळ पाण्यात चालून कंद, किडे व बेडूक खातो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियाकडे थोडक्या संख्येने उरला आहे. तोही शेतकऱ्याच्याच जमिनीवर, धानाच्या बांधीत घरटे करितो. त्यापायी थोडे धान जाते. मादी बहुधा दोनच अंडी घालिते, म्हणून एक घरटे मोडले तरी हानि मोठी. तळी आटणे, विषारी औषधे व विजेच्या तारा हे त्याचे वैरी आहेत. तथापि तेथे कित्येक शेतकरी घरटे राखितात, आणि गावोगाव पक्ष्यांची गणना होते.

दोघेही शेतकऱ्याचे शेजारी. एकाच्या मस्तकावर मोल लागले; दुसऱ्याच्या घरट्याला राखणदार मिळाला. पिकाचे नुकसान खरे असते, व त्याची भरपाई मागणे न्याय्य आहे. परंतु चौकशीवाचून साऱ्या जातीस दंड करू नये. कारण गेलेली जात कोणत्याही कायद्याने परत येत नाही.

विचारार्थ प्रश्न : १. थायलसिनाविषयीचा कायदा निष्फळ का झाला? २. आपल्या शिवारात पूर्वी दिसणारा कोणता पक्षी आता दिसत नाही? वडील माणसांस विचारा.