गोष्ट फोडायची नाही

दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं काढायला लागल्यापासून मी ज्यांची शिकवणी लावली, ती १९००च्या आसपासची अमेरिकन नियतकालिकं: 'हार्पर्स', 'स्क्रिब्नर्स', 'कॉलिअर्स'. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हता. गोष्ट पोचायची ती अशा अंकांतूनच, त्यामुळे चित्रकारांना भाव होता. 'कॉलिअर्स'ने चार्ल्स डेना गिब्सनशी शंभर चित्रांसाठी एक लाख डॉलरचा करार केला होता. आमच्या मानधनाचा विषय नको.

१. वाचक आधी चित्र बघतो, मग गोष्ट वाचायची की नाही ते ठरवतो. म्हणून खून काढू नये. खुनाआधीचं दार काढावं. हॉवर्ड पाइल हा त्या काळच्या अनेक कथाचित्रकारांचा गुरू. १९०० साली त्याने डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला स्वतःची चित्रशाळा काढली. ऐन मारामारी रंगवली की चित्र नाटकी होतं, त्यातलं नाट्य मात्र जातं, अशी त्याची शिकवण. संपादकांना मात्र अजूनही तलवार उगारलेलीच हवी असते.

२. लेखक जिथून भरभर पुढे जातो, तिथे आपण बैठक मारावी. पाइलचा शिष्य एन. सी. वाएथ याने १९११ साली 'ट्रेझर आयलंड'साठी चित्रं केली. हे मासिकाचं काम नव्हे, पुस्तकाचं. पण प्रकाशक 'स्क्रिब्नर्स'च. कादंबरीचा पोरसवदा नायक जिम घर सोडतो तेव्हा आईच्या निरोपाला लेखक स्टीव्हन्सन जेमतेम एक वाक्य देतो. वाएथने त्या वाक्यावर जवळजवळ चार फूट उंच कॅनव्हास खर्च केला. जिम गाठोडं घेऊन थेट आपल्या दिशेने चालत येतोय. मागे खाणावळीच्या उन्हात आई ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडतेय. तिचा चेहरा दिसतच नाही. समुद्री चाचे, जहाज, खजिना यांतलं काहीही चित्रात नाही, तरी पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती वाटते. पुस्तकभर हाणामारीची चित्रं असूनही मी उघडतो ते हेच पान.

३. रंग कमी मिळाले म्हणून कुरकुर करू नये. १९२६पर्यंत 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'ची मुखपृष्ठं मुख्यतः लाल आणि काळ्या शाईवरच निघत. मे १९१६मध्ये नॉर्मन रॉकवेलचं तिथलं पहिलं मुखपृष्ठ आलं, तेही याच दोन रंगांत. सूटबूट घातलेला पोरगा बाबागाडी ढकलतोय आणि बेसबॉलच्या गणवेशातले दोस्त त्याला चिडवताहेत. पोराच्या कोटाच्या वरच्या खिशातून दुधाची बाटली डोकावते. सगळी फजिती त्या बाटलीत आहे. तिथे तिसरा रंग येऊन काय करणार होता?

४. पात्राला एकदा चेहरा दिला की तो गोष्टीगणिक बदलायचा नाही. फ्रेडरिक डॉर स्टील याने १९०३पासून 'कॉलिअर्स'मध्ये शेरलॉक होम्स रंगवला. चेहरा घेतला रंगभूमीवर होम्स गाजवणाऱ्या विल्यम गिलेटचा. मग अमेरिकेतल्या वाचकांना दुसरा होम्स पटेना.

५. गोष्ट स्वतः, पूर्ण वाचावी. फोनवर संपादकाने सांगितलेल्या सारांशात खून असतो, खजिना असतो. ॲप्रनमध्ये तोंड लपवणारी आई कधीच नसते.