बंबाला शिवार ठाऊक हवं

उसाच्या फडाला आग लागते, कुणीतरी फोन करतं, बंब निघतोही, आणि डांबरी रस्ता संपला की थांबतो. पाणंदीत चाक रुतेल का, ओढ्यावरची मोरी एवढं वजन पेलेल का, टाकी रिकामी झाल्यावर पाणी कुठं भरायचं, हे चालकाला सांगणारं तिथं कुणी नसतं. ही सगळी माहिती गावाकडे असते. आग लागण्याआधीच ती अग्निशमनवाल्यांकडे पोचावी, यासाठी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात नागरिकांचा सल्लागार गट उभा राहायला हवा.

त्याला कायद्याचा आधार आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 28 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सल्लागार समित्या नेमता येतात. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तेव्हा आधी ग्रामसभेत ठराव घ्या, तो जोडून तहसीलदारांमार्फत बीडला अर्ज करा आणि एक प्रत केज नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. उत्तर येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. माहिती गोळा करायला कुणाची परवानगी लागत नाही.

गटात दहा-बारा माणसं पुरेत, पण ती कोण, यावर सगळं अवलंबून आहे. सरपंच आणि पोलीस पाटील असतीलच. त्यांच्याइतकीच गरज लाइनमनची, आशाताईची, पाणीपुरवठा पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची, ट्रॅक्टरवाल्याची आणि बचतगटातल्या एखाद्या बाईची आहे. अपंग व्यक्ती किंवा तिच्या घरचं कुणी असायलाच हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतला माणूस तर हवाच हवा. दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि कित्येक घरांत म्हातारी माणसं अन् शाळेतली पोरंच उरतात. कोणत्या घरातून कुणाला उचलून बाहेर काढावं लागेल, हे मुकादमाला आणि आशाताईला जितकं नेमकं माहीत असतं तितकं कुठल्याही दप्तरात सापडत नाही. म्हणून पहिली बैठक दसऱ्याआधी घ्या, आणि ती पदं वाटण्यात घालवू नका.

पहिलं काम शिवारफेरीचं. शक्य झाल्यास बंबच वस्तीपर्यंत नेऊन पाहा. तो नाही मिळाला तर भरलेला पाण्याचा टँकर न्या. कुठं अडतो, कुठं वळतो, कोणती तार आडवी लोंबते, हे गावनकाशावर तिथल्या तिथं लिहा. पाण्याच्या जागांची नोंद करताना मोटारीवर विसंबू नका. शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची असेल तर भर दुपारी विहीर काठोकाठ भरलेली असूनही उपयोग नाही. डिझेल पंप कुणाकडे आहे, ट्रॅक्टरला जोडायची टाकी कुणाकडे आहे, हेही त्याच नकाशावर हवं. डीपीचं ठिकाण आणि महावितरणच्या माणसाचा नंबरही टिपा, कारण तार तुटून आग लागली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारणं जिवावर बेतू शकतं.

दुसरं काम पत्त्याचं. 112 वर केलेला फोन केजमध्ये उचलला जात नाही; राज्यभरासाठीची केंद्रं नवी मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथल्या माणसाला 'मारुतीच्या देवळामागची वस्ती' म्हणून काय कळणार? गाव, तालुका, जिल्हा, जवळचा मुख्य रस्ता आणि त्यावरून वळायची खूण, एवढी माहिती प्रत्येक वस्तीपुरती एका ओळीत लिहून शाळेच्या, दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्या. पोरांकडून ती मोठ्यानं म्हणवून घ्या; अडचणीच्या वेळी फोन पोरांच्याच हाती असतो.

मांजराकाठच्या गावांनी पुराचं वेगळं पान ठेवावं. 2021 च्या सप्टेंबरात धनेगावच्या मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. कोणता पूल आधी बुडतो, त्यानंतर पलीकडच्या गावाला केजऐवजी कळंब किंवा अंबाजोगाईहून मदत लवकर मिळेल का, हे त्या पानावर असावं. तसं असेल तर तिथल्या अग्निशमन दलालाही नकाशाची प्रत द्या.

बैठकीत अग्निशमनवाल्यांना बोलवाल तेव्हा तक्रारींचा पाढा वाचू नका. आधी त्यांची अडचण विचारा: माणसं किती, रात्रपाळीला कोण, पाइप कुठवर पोचतो. मग आपल्या मागण्या दोन-तीनच ठेवा आणि प्रत्येकीपुढं कोण करणार, कधीपर्यंत, हे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच कागदानं करा. जे झालं नाही त्याचं कारण लेखी मागा. सल्ला घेतला आणि फायलीत ठेवला, असं दोनदा झालं की माणसं यायची बंद होतात.

गावात खरोखर आग लागलीच, तर आठ दिवसांच्या आत बंबावरच्या जवानांसह त्याच बांधावर बसा. फोन कधी गेला, गाडी कधी पोचली, कुठं अडली, हे विचारा आणि नकाशा तिथंच दुरुस्त करा.