फलकावरचा आकडा

रस्त्याच्या कडेला तांबड्या किनारीच्या गोल फलकावर काळा आकडा रंगवलेला असतो. तेवढ्या वेगाने खुशाल जावे, अशी ती मुभाच आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो आकडा एवढेच सांगतो की, हवा स्वच्छ, रस्ता कोरडा आणि वाहन धड असतानासुद्धा याहून अधिक वेगाने जाऊ नये. रस्ता ओला झाला म्हणजे वेग किती उतरवावा, हे फलकाला सांगता येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या आधारे केंद्र सरकारने २०१८ मध्ये मोटारसायकलीच्या कमाल मर्यादा ठरवून दिल्या. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, नगरपालिकेच्या हद्दीत ६० आणि इतर रस्त्यांवरही ६०. शाळा, बाजार, वळण पाहून राज्य सरकारला त्याहून कमी मर्यादा घालता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. मागे चार वर्षांच्या आतले मूल बसले असेल, तर ताशी ४० हून अधिक वेगाने जाता येत नाही, असा नियम २०२२ मध्ये झाला. धाकट्या भावंडाला गाडीवर बसवून नेणाऱ्या घरांत तो अवश्य ठाऊक असावा.

जून महिन्यातल्या एका दुपारी साताऱ्याहून चिपळूणला निघालेल्या तरुणाची कल्पना करावी. कऱ्हाडपर्यंतचा रस्ता रुंद महामार्गाचा, सुमारे पन्नास किलोमीटरांचा. तो ताशी ८० च्या वेगाने अडतीस मिनिटांत सरतो आणि ६० च्या वेगाने पन्नास मिनिटांत. सारा फरक बारा मिनिटांचा! कऱ्हाडहून तो पश्चिमेला पाटणच्या रस्त्याला लागतो, तोच मृगाची पहिली सर येते.

ही सर शेतकऱ्याला सुखावते. पण मोटारसायकलस्वाराने तिचे भय बाळगावे. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि वाहनांतून ठिबकलेले तेल त्या थोड्या पाण्यात कालवले जाते व डांबरावर निसरडा थर चढतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. पहिल्या सरीत तेवढे बळ नसते. मोटारसायकलीच्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तो तळहाताहून मोठा नसतो. त्या दोन तळहातांवर सारा भार असतो. घसरलेली मोटार निदान चार चाकांवर उभी राहते. मोटारसायकल मात्र आडवी होते.

आता थोडा हिशेब करावा. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्या अवधीत गाडी सतरा मीटर पुढे जाते. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस मीटर लागतात; म्हणजे एकूण सदतीस. वर्गाची खोली आठ मीटर लांब धरली, तर या जवळजवळ पाच खोल्या झाल्या. ओल्या रस्त्यावर चाकाची पकड निम्मी झाली, तर वीसचे चाळीस होतात आणि खोल्या सात भरतात. उलट वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निम्मे नव्हे, चौथाई होते. वेगाचा हा गुण पुष्कळ अनुभवी चालकांच्याही ध्यानात नसतो.

कोयनानगर मागे टाकून तो तरुण कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आला, तेव्हा धुके उतरले होते. धुक्यात प्रखर दिवा लावला, तर उजेड परतून डोळ्यांवरच येतो. म्हणून त्याने दिवा खाली झुकवला. वीस मीटरांपलीकडे काही दिसेना. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे, म्हणून त्याने वेग ताशी तिसावरून वीसवर आणला, आणि तोही वळणाच्या आधीच. वळणावर गाडी कलते, चाकाची पकड वळण्यात खर्ची पडते आणि ब्रेकच्या वाट्याला थोडीच उरते.

तिसऱ्या वळणापलीकडे म्हशींचा कळप रस्ताभर उभा होता. शेवटच्या म्हशीपासून दोन हातांवर गाडी थांबली. गुराख्याने काठी आपटत कळप कडेला घेतला.

चिपळूणला पोचायला त्याला पाऊण तास उशीर झाला. दारात वाट पाहत उभ्या असलेल्या आत्याने पंचा पुढे केला व चहा ठेवण्यासाठी ती आत वळली.