आजोबांची पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना

प्रश्न : आजोबांच्या नावावरची जुनी डिझेल पिकअप बरीच वर्षे गोठ्याशेजारी उभी आहे. दुरुस्ती कुठून सुरू करावी? (वाचक, आजरा)

उत्तर : पहिली तपासणी चॅसिसची. आजऱ्याच्या पावसात आणि तांबड्या चिखलात गंज आतून धरतो. म्हणून स्प्रिंगांचे शॅकल, चॅसिसच्या आडव्या पट्ट्या आणि केबिनचा तळ हातोडीने ठोकून पाहावा लागतो. आवाज बद्द आला की तिथला पत्रा गेला असे धरावे. चॅसिसच कुजली असेल, तर रंगकामावरचा खर्च वाया जातो.

इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. जुने डिझेल काढून टाकी धुतात, इंजेक्टर उतरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडतात आणि ते मुरल्यावर इंजिन हाताने फिरवतात. बोअरिंग किंवा क्रँक ग्राइंडिंग लागलेच, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याचे जाणते कारागीर आहेत. ब्रेकचे होज आणि रबरी सील चांगले दिसले तरी बदलावेतच.

कागदपत्रांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला फॉर्म 31 भरून वाहन नावावर करून घ्यावे लागते. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षे टिकते, पुढे ती 5-5 वर्षांसाठी वाढवता येते. मालवाहू वाहनाला फिटनेस प्रमाणपत्र लागते. पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातल्या खासगी मोटारींसाठी 2021 पासून विंटेज नोंदणीची सोय आहे, मात्र त्यांचा रोजचा किंवा व्यावसायिक वापर चालत नाही. सुटे भाग घेण्याआधी आरसी पुस्तक शोधावे आणि त्यातला चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.