नदी स्वच्छ झाली, पण कशासाठी?



आपल्या घरात पिण्याचं पाणी वेगळं आणि वापरायचं पाणी वेगळं असतं. भांडी विसळलेलं पाणी आपण परसातल्या अळूला घालतो, पण पाहुण्याला देत नाही. म्हणजे "हे पाणी चांगलं आहे का?" असं कुणी विचारलं, तर आपण आधी विचारतो, "कशासाठी हवंय?"

नदी-तलावाचं पाणी ठरवतानाही हाच प्रश्न आधी येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा पाण्याचे वापराप्रमाणे पाच वर्ग केले आहेत:

अ – फक्त जंतू मारून पिता येईल असं पाणी
ब – आंघोळीचं पाणी
क – गाळून, शुद्ध करून आणि जंतू मारून पिता येईल असं पाणी
ड – मासे आणि वन्यजीवांसाठी
इ – शेती आणि कारखान्यातल्या यंत्रांच्या थंडाव्यासाठी

प्रत्येक वर्गासाठी मापं ठरली आहेत. त्यांनाच 'मानकं' म्हणतात.

बीओडी म्हणजे काय?

बातमीत हा शब्द नेहमी येतो. पाण्यात घाण पडली की जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. तो किती लागतो, त्याचं माप म्हणजे बीओडी. बीओडी जास्त, म्हणजे घाण जास्त. प्राणवायू संपत आला की मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. उन्हाळ्यात हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलं असेल.

आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. या तपासणीत नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. म्हणून आज पाणी नेलं आणि आजच अहवाल आला, असं होत नाही.

'स्वच्छ' म्हणजे कुठवर?

२०१८ साली मंडळाने देशातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यातले ५३ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्यांत जास्त आपल्याकडे. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना आदेश दिला की हे पट्टे निदान आंघोळीयोग्य करा.

इथे थांबून विचार करू या. ध्येय आंघोळीचं आहे, पिण्याचं नाही. उद्या "नदी मानकात आली" अशी बातमी वाचली, तर ओंजळीने पाणी प्यायला परवानगी मिळाली असं समजू नका.

आपल्यासाठी मेख कुठे आहे?

पहिली गोष्ट पिण्याची. नदीचं पाणी उचलून टाकीत टीसीएल टाकून सोडणारं गाव प्रत्यक्षात 'अ' वर्गाचं पाणी धरून चाललेलं असतं. 'अ' वर्गात १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू ५० पर्यंत चालतात, 'क' वर्गात ५००० पर्यंत. शंभर पटींचा फरक! 'क' वर्गाच्या पाण्याला शुद्धीकरण केंद्र लागतं, नुसतं टीसीएल पुरत नाही.

दुसरी गोष्ट नाल्याची. नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारणपणे बीओडी ३० पर्यंत चालतो. नदीत मात्र ३ हवा. मधला फरक नदीच्या वाहत्या पाण्याने भरून निघेल, असं धरलेलं असतं. पावसाळ्यात ते जमतं. पण चैत्र-वैशाखात नदीची धार आटते, तेव्हा नियमात बसणारं सांडपाणीही नदी बिघडवतं.

तिसरी गोष्ट आपल्या कामाची. या पाच वर्गांत धुणं धुणं नाही, जनावरांना पाणी पाजणं नाही. शेतीच्या वर्गात क्षार मोजतात, पण जंतूंची मर्यादा दिलेली नाही. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आपण त्याच पाण्यात धुऊन बाजारात नेतो! नदीत गुडघाभर पाण्यात दिवसातला तासभर बाईच उभी असते, पण तिचं काम कागदावर नाही. ते आपणच सांगायला हवं.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

१. आपल्या गावाजवळचं नदीचं पाणी कोणत्या वर्गात मोडतं?
२. नमुना कुठून घेतला? नाला मिळतो त्याच्या वरून की खालून?
३. कोणत्या महिन्यात घेतला? मे महिन्याचा अहवाल आहे का?
४. टाकीत येणारं पाणी फक्त टीसीएलवर आहे, की गाळूनही येतं?

उत्तर मिळालं नाही तर ग्रामसंघाचा ठराव करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला पत्र द्या. ठरावात बायका नदीवर काय काय करतात, तेही लिहा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

आपल्या हातातलं काम

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. किटमधल्या जिवाणूच्या बाटलीतलं पाणी काळं झालं, तर ते पाणी पिऊ नका. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करा. रंग पिवळा आला तर क्लोरीन तिथवर पोचलंय. आणि लक्षात ठेवा, उकळल्याने जंतू मरतात, पण कारखान्याचं रसायन जात नाही.

बैठकीत चर्चेसाठी: आपल्या गटातल्या बायका नदीचं पाणी कोणकोणत्या कामाला वापरतात? यादी करा. पाच वर्गांत त्यातली किती कामं सापडतात, तेही बघा.