चतकोर भाकरी

आमच्या साताऱ्यात कुणी पटकन बारीक झालं की लोक पहिलं विचारतात, "शुगर निघाली का?" मला शुगर आधीपासूनच होती. त्यामुळे मी सुरुवातीला ठोकून द्यायचे, "चालते हो रोज." ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे पोटाचा बायपास. तो पंचेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात, एका फेब्रुवारीत झाला. त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत मला जे कळलं ते लिहिते आहे. क्रम आठवेल तसा आहे.

१. आकडा आधी स्वतःला सांगावा.

वजन ११६ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं की जो बीएमआय येतो, तो माझा ४७. तहसील कचेरीत मी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासते, पण हा भागाकार कधी केला नव्हता. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या जुन्या निकषांनुसारसुद्धा ४० च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ च्या पुढे, शस्त्रक्रियेचा विचार करता येत होता. २०२२ मध्ये ही रेघ आणखी खाली आली. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आशियाई माणसासाठी ती त्याहूनही खाली धरतात. म्हणजे मी कित्येक वर्षं त्या यादीत होते आणि दरवर्षी नवं डाएट करत होते. कोबीचं सूप झालं, दोन वेळाच जेवणं झालं, सकाळी मध-लिंबू झालं. आठ किलो जायचे, दहा परत यायचे. मी याला माझा नाकर्तेपणा समजत होते. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च आखडता घेतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका डाएटिशियननं कागदावर रेघा मारून समजावलं. त्या दिवशी गाडीत बसून मी रडले. वाईट वाटून नाही, सुटल्यासारखं वाटून.

२. दहा मिनिटांत तारीख देणाऱ्याकडून उठून यावं.

पहिल्या ठिकाणी, नाव घेत नाही, मला पॅकेज सांगितलं, सूट सांगितली आणि पुढच्या मंगळवारची तारीख सांगितली. पोटाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. माझ्या चुलत बहिणीची स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया झाली होती, मलाही तीच हवी होती, त्यांनाही तीच करायची होती. सगळे खूश!

दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "रात्री आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं का?" येत होतं. वर्षानुवर्षं. दोन उशा घेऊन झोपायचे आणि त्याला 'पित्त' म्हणून सोडून द्यायचे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा खालचा भाग सोललेला दिसला. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. पण त्या नळीत दाब जास्त राहतो आणि ज्याला मुळातच आंबट वर येतं, त्याचं दुखणं वाढू शकतं. कापलेलं परतही येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. माझ्या घशासाठी आणि शुगरसाठी बायपास बरा, असं ठरलं. बदल्यात जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व घ्यायचं. हा व्यवहार मला मान्य होता.

"हे नवीन फॅड आहे," असं आमचे शेजारचे काका म्हणाले. त्यांना सांगितलं, एडवर्ड मेसन नावाच्या अमेरिकन सर्जननं हे १९६६ साली केलं, माझा जन्म व्हायचा होता. काकांनी विषय पावसावर नेला.

३. मिशरी.

ही सगळ्यात अवघड. फॉर्मवर विचारलं होतं, 'धूम्रपान करता का?' मी ठसठशीत 'नाही' लिहिलं. डाएटिशियन कऱ्हाडकडची होती. तिनं फॉर्म बाजूला ठेवून हळूच विचारलं, "ताई, मिशरी लावता का?"

लावत होते. आईची सवय, मग माझी. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, आणि ताण असला की कचेरीच्या बाथरूममध्येसुद्धा. तिला मी कधी तंबाखू म्हटलंच नव्हतं. ती 'दात घासायची' होती. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरून यायला वेळ लागतो आणि बायपासमध्ये जिथे पिशवी आतड्याला जोडलेली असते तिथे व्रण होऊ शकतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सुटल्याशिवाय टेबलावर घेणार नाही. पहिले दहा दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तोंडात लवंग धरायचे. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की दुपारी जेवणानंतर गोड लागायचं तेही थांबलंय. का, ते देव जाणे.

इतकंच सांगते, विचारणारा विचारतो ते आपल्याला पकडायला नाही. आंबट पाणी, मिशरी आणि रात्री अकरानंतर उभ्या उभ्या खाल्लेलं भडंग, या तीन गोष्टी मी लपवल्या असत्या तर चुकीचं ऑपरेशन चुकीच्या वेळी झालं असतं.

४. दुधाची पिशवी घरपोच बंद करावी.

चालायला लागा, हे मला वीस वर्षं सगळेच सांगत होते. पाळणं जमत नव्हतं. ऑपरेशनआधी तीस मिनिटं चालता आलं पाहिजे, अशी डॉक्टरांची अट होती, आणि मला पोवई नाक्यावर रस्ता ओलांडतानाच धाप लागायची. गुडघे वेगळेच.

मग मी दूधवाल्याला बंद केलं. डेअरी आमच्या घरापासून चारशे पावलांवर. मी गेले नाही तर घरात चहा नाही. सासूबाईंना साडेपाचला चहा लागतो. त्यांनी मला माझ्या कुठल्याही निर्धारापेक्षा जास्त नियमानं उठवलं. पहिला महिना एवढंच, डेअरीपर्यंत जायचं आणि यायचं. अंधारात जायचे, कुणी बघू नये म्हणून. दुसऱ्या महिन्यात शाहू स्टेडियमवर एक फेरी, मग दोन. डिसेंबरमध्ये चार भिंतीच्या टेकडीचा चढ अर्ध्यापर्यंत. तिथे एक दगड आहे, त्याला मी माझा दगड म्हणते. यवतेश्वरच्या घाटात मॅरेथॉनच्या सरावाला पळणारी पोरं दिसली की आधी मी मान खाली घालायचे. नंतर नंतर ती "काकू, भारी!" म्हणायला लागली.

मोठ्या पावसात अकरा दिवस खंड पडला. बाराव्या दिवशी फक्त फाटकापर्यंत गेले, परत आले आणि चालण्याच्या वहीत तोही दिवस लिहिला.

५. चालण्यानं वजन उतरेल ही आशा ठेवू नये.

सहा महिन्यांत चालून माझं साडेतीन किलो उतरलं. एवढ्यासाठी एवढा घाम? मी डॉक्टरांना तक्रारीच्या सुरात हे सांगितलं. ते म्हणाले, मी तुम्हाला बारीक व्हायला चालायला लावलंच नाही. फुप्फुसं भूल पेलतील, ऑपरेशनच्या संध्याकाळी उठून चालता येईल म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती कमी, आणि नंतर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू कमी जावेत, यासाठी हे आहे.

६. गुडघ्याच्या गोळ्यांना पर्याय आधी तयार ठेवावा.

ही गोष्ट मला कुठेच नीट लिहिलेली सापडली नव्हती. मी आठवड्यातून चार-पाच वेळा डायक्लोफेनॅक घ्यायचे. बायपासनंतर त्या जातीच्या गोळ्या टाळायच्या, कारण तोच, व्रण. मग गुडघ्याचं काय? फिजिओथेरपिस्टनं दोनच व्यायाम दिले. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं. आणि बसल्या जागी पाय सरळ करून पाच अंक मोजायचे. कचेरीची लाकडी खुर्ची उत्तम. पहिल्या दिवशी मला हाताशिवाय एकदाही उठता आलं नाही. टेबलावरच्या सात-बाराच्या गठ्ठ्यावर भार देऊन उठले. जानेवारीत सलग बारा वेळा उठत होते आणि गोळी आठवड्याला एकीवर आली होती. शिपाई रोज मोजायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. मला ते आवडायला लागलं होतं.

७. कागद जपा.

विम्याच्या ठरलेल्या अटींत नुसता बीएमआय पुरत नाही. ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि गंभीर आजार, शिवाय आधी साधे उपाय करून ते फसले असले पाहिजेत. मी पंधरा वर्षं फसत होते आणि एक चिठ्ठी जवळ नव्हती. माझ्या जावेनं तिच्या फाइलमधून माझी दोन जुनी प्रिस्क्रिप्शनं काढून दिली. माणसानं अशा जावेशी भांडू नये.

८. शेवटच्या दोन आठवड्यांत हळदीकुंकू असू नये.

ऑपरेशनआधी चौदा दिवस जवळजवळ पातळ आहार होता. प्रोटीनचं पेय, ताक, भाज्यांचं सूप, थोडं पनीर. कारण साधं आहे. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. माझ्यासारखीचं यकृत चरबीनं फुगलेलं, त्यामुळे दुर्बिणीतून काम करताना ते उचलून धरणं अवघड होतं. दोन आठवड्यांत ते आकसतं.

आणि हे दोन आठवडे नेमके संक्रांत ते रथसप्तमीच्या मधले. रोज कुणाकडे तरी वाण, तिळगूळ, डिशमध्ये समोसा आणि बर्फी. मी सगळ्यांना पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे प्रत्येकीकडे खड्यांवर औषध होतं. एकीनं पानफुटीचा रस आणून दिला. लपवण्याचा एवढा त्रास व्हायला लागला की पाचव्या हळदीकुंकवात मी सरळ सांगून टाकलं, वजनाचं ऑपरेशन आहे, खाणार नाही. क्षणभर शांतता. मग तिघींनी बाजूला घेऊन डॉक्टरांचा नंबर मागितला.

याच दिवसांत एका रात्री हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला. शुगर ५८. खाणं निम्म्यावर आलं होतं आणि गोळ्या पूर्वीच्याच चालू होत्या. चूक माझी, डोस कमी करायची चिठ्ठी मी पर्समध्येच ठेवली होती. मधुमेह असलेल्यांनी हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करू नये.

९. तीन चेंडूंचं यंत्र आणि मास्क.

यावर फार लिहिण्यासारखं नाही. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे. मला महिनाभर दोनच जमले. झोपेच्या तपासणीत कळलं की झोपेत माझा श्वास अडतो. तेव्हा महिनाभर मास्क लावून झोपले. आमचे हे म्हणाले, वीस वर्षांत पहिल्यांदा झोप लागली. त्यांना.

१०. ऑपरेशन हा सगळ्यात सोपा दिवस.

त्यातलं मला काहीच आठवत नाही. संध्याकाळी नर्सनं उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं तेव्हा मी फरश्या मोजल्या, डेअरीच्या वाटेवर पावलं मोजायचे तशा.

पुढचं लोक सांगत नाहीत ते थोडक्यात सांगते. जेवणाबरोबर पाणी नाही, अर्धा तास थांबायचं. घास पंचवीस वेळा चावायचा. घाईनं गिळला की छातीत दगड बसतो. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन शाकाहारी माणसानं भरायचं म्हणजे मूग, दही, पनीर, सोया यांचं रोजचं गणित. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गेले, दहाव्यात परत आले. पाचव्या महिन्यात पुतण्या पास झाला म्हणून एक कंदी पेढा खाल्ला, साताऱ्याच्या माणसाला तो सोडवत नाही. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, अंग घामानं भिजलं, मी देवघरासमोर सतरंजीवर आडवी. याला डंपिंग म्हणतात; साखर भसकन आतड्यात उतरते म्हणून होतं. आता मी पेढा चिमटीत घेते, वास घेते आणि पुढे पाठवते.

वर्षानं वजन ८१ झालं आणि तिथेच बसलं. पुढे कधी ७९, कधी ८२. साडी नेसल्यावर मी अजून जाडीच दिसते. शुगरच्या तीन गोळ्यांची एक झाली. चार भिंतीचा माझा दगड आता वाटेत लागतो, मी तिथे थांबत नाही.

सासूबाई मात्र अजूनही माझ्या ताटात अख्खी भाकरी वाढतात. दर वेळी मी चतकोर ठेवून उरलेली ह्यांच्या ताटात सरकवते, कारण सासूबाईंच्या घरात भाकरी टाकायची नसते. परवा ह्यांनी काट्यावर उभं राहून पाहिलं. सहा किलो वाढलेत. सोमवारपासून दूध आणायला तेही येतात, आणि पोवई नाक्याशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागते.